बांदोडकर, दयानंद बाळकृष्ण

बांदोडकर, दयानंद बाळकृष्ण : (१२ मार्च १९११–१२ ऑगस्ट १९७३). गोमंतकातील खाणउद्योजक, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे अग्रणी व गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. गोमंतकात ते ‘भाऊसाहेब बांदोडकर’ या नावाने ओळखले जात. साडेचार शतकांच्या पोर्तुगीज अंमलानंतर प्रौढ मतदानाच्या पद्धतीने गोव्यात जे पहिले लोकनियुक्त शासन अधिकारावर आले, त्याचे नेतृत्व त्यांनी केले. डिसेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ हा चार महिन्यांचा खंड वगळता अखेरपर्यंत ते मुख्यमंत्रिपदी होते.

पूर्वपीठिका : बांदोडकरांचा जन्म गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे येथे झाला. पेडणे हा ‘नव्या काबिजादी’तील तालुका. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात आलेल्या या प्रदेशात हिंदूंची संख्या मोठी होती व मराठीची धार्मिक आणि शैक्षणिक परंपरा अखंड चालू राहिली होती. बांदोडकर गोमंतक मराठा समाजातील होते. देवस्थानांच्या सेवेशी आणि गायन-नृत्यादी कलांशी पिढ्यान्‌पिढ्या जोडल्या गेलेल्या या समाजाने विसाव्या शतकात शिक्षण व संघटन यांच्या बळावर आपली सामाजिक अवनती दूर करण्याचा निर्धाराने प्रयत्न केला. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले आणि गोव्यातील हिंदूंना प्रथमच समान नागरी हक्कांचा लाभ होऊ लागला. मात्र पुढे सालाझारच्या राजवटीत राजकीय स्वातंत्र्य संपुष्टात आले आणि सभा, वृत्तपत्रे व संघटना यांवर कडक निर्बंध आले. अशा काळात कर्तबगार तरुणांना व्यापार-उदीम हेच एक मोकळे क्षेत्र होते. बांदोडकर याच मार्गाने पुढे आले.

उद्योजक : दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या अर्थकारणाला एकदम वेगळे वळण लागले. डिचोली, सत्तरी व सांगे या तालुक्यांतील डोंगरांत लोह व मँगनीज यांची खनिजे होती आणि पोलाद उद्योगाच्या पुनर्रचनेत गुंतलेल्या जपानकडून त्यांना मोठी मागणी येऊ लागली. १९०६ च्या पोर्तुगीज खाणकायद्यान्वये खाणींचे हक्क व्यक्तींना अमर्याद मुदतीने मिळत असत. त्यामुळे थोडे भांडवल, पुष्कळ धाडस व मजुरांना हाताळण्याचे कौशल्य असलेल्या माणसाला अल्पावधीत खाणमालक होणे शक्य झाले. डोंगरातून काढलेले खनिज मांडवी व जुवारी या नद्यांच्या काठी आणावयाचे, तेथून बार्जमध्ये भरून मुरगाव बंदरात न्यावयाचे व जहाजांवर चढवावयाचे, अशी या धंद्याची रीत होती. गोव्याला निसर्गतः लाभलेला हा स्वस्त जलमार्ग खाणउद्योगाच्या भरभराटीचे एक प्रमुख कारण ठरला. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तरी समुद्रमार्गे चालणाऱ्या या निर्यातीला खीळ बसली नाही.

या उद्योगातून चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबले आदी घराणी पुढे आली. बांदोडकरही स्वकष्टाने याच वर्गात जाऊन पोहोचले. तथापि जमीनदारीची वा सावकारीची पूर्वपरंपरा त्यांच्यामागे नव्हती. खाणीवरील मजूर, बार्जवरील खलाशी व खेड्यातील कूळ यांच्याशी त्यांचा संबंध मालकाचा असला, तरी त्यांच्या बोलण्यात व राहणीत दुरावा नव्हता. शाळा, देवालये, नाट्यप्रयोग, खेळ व गरजू विद्यार्थी यांना ते सढळ हाताने साहाय्य करीत. राजकारणात येण्यापूर्वीच खेडोपाडी त्यांचे नाव पोहोचले होते, ते या दातृत्वामुळे.

राजकारणात प्रवेश : १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. काही महिन्यांच्या लष्करी प्रशासनानंतर १९६२ मध्ये गोवा, दमण व दीव यांचा केंद्रशासित प्रदेश करण्यात आला आणि १९६३ च्या कायद्याने त्यास तीस सदस्यांची विधानसभा मिळाली. नव्या प्रदेशापुढे पहिलाच प्रश्न उभा राहिला तो त्याच्या भवितव्याचा. गोवा शेजारच्या महाराष्ट्रात विलीन व्हावा, की त्याचे वेगळे अस्तित्व राहावे, हा तो प्रश्न होता. विलीनीकरणाच्या पुरस्कर्त्यांच्या मते कोकणी ही मराठीची बोली असून गोव्याचा सांस्कृतिक ओघ महाराष्ट्राकडेच वाहत आला होता. उलटपक्षी, कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे व साडेचारशे वर्षांच्या वेगळ्या इतिहासाने गोव्याला स्वतःचे व्यक्तिमत्त्व दिले आहे, असे विलीनीकरणाच्या विरोधकांचे प्रतिपादन होते. गोव्याचे वेगळेपण काही काळ जपले जाईल, अशी ग्वाही पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी दिली होती.

मार्च १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची (म. गो. पक्ष) स्थापना झाली. बांदोडकर हे त्याचे प्रमुख आधारस्तंभ होते. विलीनीकरणाला विरोध करणारे गट जॅक द सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड गोवन्स पक्षात एकत्र आले. म. गो. पक्षाच्या प्रचारात विलीनीकरणाच्या मागणीइतकेच, किंबहुना काही भागांत त्याहून अधिक, महत्त्व सामाजिक प्रश्नांना होते. भाटकारांच्या जमिनी कसणारी कुळे, त्यांच्या भाटांत घर बांधून राहणारे व केव्हाही हुसकून लावले जाण्याच्या भीतीखाली असलेले मुंडकार, खाणमजूर आणि शिक्षणाला पारखे झालेले बहुजन यांना हा पक्ष आपला वाटला. विलीनीकरण म्हणजे महाराष्ट्रातील कूळकायदे, शाळा व शैक्षणिक सवलती यांचा लाभ, असा त्याचा अर्थ सामान्य मतदाराने लावला.

डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या निवडणुकीत सिंह ही निशाणी असलेल्या म. गो. पक्षाला व त्याच्या सहकाऱ्यांना तीसपैकी १६ जागा मिळाल्या. युनायटेड गोवन्सना १२ जागा लाभल्या. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसचा गोव्यात संपूर्ण पराभव झाला. मुक्तीनंतर सत्ता आपोआप आपल्याकडे येईल, हा सुशिक्षित उच्चवर्णीय नेतृत्वाचा अंदाज मतदारांनी खोटा ठरविला. बांदोडकरांनी ही निवडणूक लढविली नव्हती. तरीही विधिमंडळ पक्षाने त्यांचीच नेतेपदी निवड केली आणि २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. नंतर पोटनिवडणुकीद्वारे ते विधानसभेत आले. त्यांच्या पहिल्या तीन सदस्यीय मंत्रिमंडळात विठ्ठल सुब्राय करमली व टोनी फर्नांडिस यांचा समावेश होता. विधानसभेचे पहिले सभापती म्हणून स्वातंत्र्यसैनिक पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर यांची निवड झाली.

जनमत कौल : जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाच्या बाजूने ठराव केला. महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याच आशयाचा ठराव केला, तर म्हैसूर राज्याने त्यास विरोध दर्शविला. युनायटेड गोवन्स पक्षाची भूमिका अशी होती, की एवढा मूलभूत निर्णय साध्या बहुमताने विधानसभेत न होता थेट लोकांना विचारून व्हावा. अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. बांदोडकर सत्तेवर असताना मतदान निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतल्यामुळे डिसेंबर १९६६ च्या आरंभी त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू झाली. ज्या प्रश्नावर सत्ता मिळविली, त्याच्या निर्णयासाठी सत्ता सोडण्याची ही घटना भारतीय संसदीय राजकारणात विरळाच होय.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी ‘फूल’ व केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणाचा प्रस्ताव ३४,०२१ मतांनी फेटाळला गेला. गोवा वेगळा राहिला.

या निकालाची कारणे अनेक होती. ख्रिस्ती समाजाने जवळजवळ एकमुखाने विलीनीकरणाविरुद्ध मत दिले. तथापि हिंदूंचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशात केवळ त्यामुळे असा निकाल लागणे शक्य नव्हते. हिंदू मतदारांतील एक लक्षणीय गटही वेगळेपणाच्या बाजूने गेला. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांची वाढती संख्या पाहून नोकऱ्यांची आशा धरून बसलेला सुशिक्षित तरुण अस्वस्थ झाला होता. महाराष्ट्रातील दारूबंदीचा कायदा लागू झाल्यास आपला धंदा बुडेल, अशी भीती माडाची सुर काढणाऱ्या रेंदेरांना वाटत होती. स्वतःची विधानसभा व स्वतःचे मंत्रिमंडळ यांचा तीन वर्षांचा अनुभव गोमंतकीयांना मिळालेला होता. मोठ्या राज्याचा एक जिल्हा होऊन राहण्यात तो गमवावा लागणार होता. कोकणी गीते व पथनाट्ये यांनी विरोधकांचा प्रचार घरोघर पोहोचविला. त्याचप्रमाणे राष्ट्रमत हे विलीनीकरणविरोधी दैनिक मराठीतूनच निघत असल्यामुळे मराठी वाचणाऱ्या हिंदू वाचकाशी त्याला थेट संवाद साधता आला. मराठीविषयी प्रेम आणि महाराष्ट्रात विलीन होण्याची इच्छा या दोन गोष्टी एकच नाहीत, हे या कौलाने दाखवून दिले.

हा बांदोडकरांच्या राजकीय जीवनातील सर्वांत मोठा पराभव होता. परंतु त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९६७ अखेर झालेल्या निवडणुकीत, म. गो. पक्षाला पुन्हा १६ जागा मिळाल्या आणि ५ एप्रिल १९६७ रोजी बांदोडकर दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. एकाच मतदाराने जानेवारीत त्यांची प्रमुख मागणी नाकारली व मार्चमध्ये त्यांच्याच हाती कारभार दिला. यातील विरोधाभास वरवरचा आहे. कुळाला व मुंडकाराला बांदोडकरांचे राज्य हवे होते आणि गोव्याच्या सीमेतच ते मिळू शकते, असा विश्वास कौलाने त्याला दिला होता. बांदोडकरांनीही निकाल मानला. विलीनीकरणाचा उच्चार पक्षाच्या व्यासपीठावरून पुढेही होत राहिला, पण शासनाचा भर गोव्याच्या अंतर्गत विकासावर राहिला.

शासनकार्य : बांदोडकरांच्या कारकीर्दीतील सर्वांत दूरगामी कायदा म्हणजे १९६४ चा गोवा, दमण व दीव कृषी कूळकायदा. या कायद्याने कुळांना जमिनीवरून मनमानीपणे काढून टाकण्यास प्रतिबंध झाला आणि पूर्वी पिकाच्या निम्म्यापर्यंत जाणारा खंड एक-षष्ठांशापर्यंत मर्यादित करण्यात आला. जमिनीची मालकी मात्र या कायद्याने बदलली नाही. मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदा व कसणाऱ्याला मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती या पुढील पायऱ्या त्यांच्या कन्येच्या कारकीर्दीत गाठल्या गेल्या. दुरुस्तीची अंमलबजावणी न्यायालयीन वादांमुळे बराच काळ रेंगाळली, तरी तिचा पाया १९६४ मध्ये घातला गेला होता. भाटकारवर्गात हिंदू व ख्रिस्ती दोघेही असल्यामुळे या धोरणाला झालेला विरोध केवळ धार्मिक रेषेवर विभागलेला नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शिक्षण हे त्यांच्या शासनाचे दुसरे प्रमुख क्षेत्र होय. पोर्तुगीज काळात शासकीय शिक्षण पोर्तुगीज भाषेत व प्रायः शहरांपुरते होते. मराठी शाळा लोकांच्या देणग्यांवर व गावच्या शिक्षकाच्या निष्ठेवर चालत. बांदोडकरांच्या काळात गावोगाव व दूरच्या वाड्यांवर शासकीय मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरविले नव्हते, तेथील मुले-मुली शाळेत जाऊ लागली. पुढील दोन दशकांत गोव्याच्या शासनात, शिक्षणक्षेत्रात व राजकारणात जो बहुजन समाजातील सुशिक्षित वर्ग दिसू लागला, तो बहुतांशी या शाळांतून घडलेला होता. फर्मागुडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ मध्ये सुरू झाले. रस्ते, वीज व पाणीपुरवठा या सोयी अंतर्भागातील तालुक्यांपर्यंत नेण्यास याच काळात आरंभ झाला.

बांदोडकर संगीत व नाट्य यांचे रसिक होते, तसेच क्रिकेट व फुटबॉल यांचे चाहते होते. त्यांच्या कारकीर्दीत १९७० मध्ये गोव्यात कला अकादमीची स्थापना झाली. पणजीतील कांपाल येथे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिआ यांनी योजिलेली तिची वास्तू पुढे १९८० नंतरच्या दशकात कलाजीवनाचे केंद्र बनली. बांदोडकरांच्या नावाची सुवर्णचषक फुटबॉल स्पर्धाही गोव्याबाहेर प्रसिद्ध झाली.

पक्षांतर्गत आव्हाने : व्यवसायातून आलेली निर्णयाची तडफ बांदोडकरांच्या कारभारात दिसे. फाईल खालून वर येण्याची वाट न पाहता ते स्वतः खेड्यांत जात, लोकांच्या तक्रारी ऐकत व जागच्या जागी आदेश देत. सामान्य माणसाला ही पद्धत आपुलकीची वाटली. परंतु तिच्यामुळे सत्ता एका व्यक्तीभोवती केंद्रित झाली, पक्षसंघटनेची वाढ खुंटली आणि सहकाऱ्यांना दुय्यम स्थान आले, अशी टीका होत राहिली. या असंतोषातून १९७० मध्ये पक्षात फूट पडली. काही आमदारांनी बाहेर पडून वेगळा गट स्थापन केला व सरकारचे बहुमत धोक्यात आले. त्या वेळी युनायटेड गोवन्स पक्षातील काही सदस्यांच्या पाठिंब्यावर बांदोडकरांनी आपले सरकार टिकविले. तीन वर्षांपूर्वी ज्या पक्षाशी त्यांचा निकराचा सामना झाला होता, त्याच्याच सदस्यांनी त्यांना हात दिला, यावरून विलीनीकरणाच्या वादाची धार तोवर किती बोथट झाली होती, याची कल्पना येते. १९७२ च्या निवडणुकीत म. गो. पक्षाने १८ जागा जिंकल्या आणि बांदोडकर तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.

खाणमालकाने मुख्यमंत्री असावे काय, हा प्रश्नही त्यांच्या हयातीत विचारला गेला. कुळांच्या बाजूने भाटकारशाहीला लगाम घालणाऱ्या शासनाने खाणींचे पोर्तुगीजकालीन हक्क मात्र तसेच चालू राहू दिले. ते रद्द होऊन त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले, ते संसदेच्या १९८७ च्या कायद्याने. गोव्याच्या खाणउद्योगातून पुढे उद्‍भवलेले पर्यावरणाचे व महसुलाचे प्रश्न पाहता बांदोडकरांच्या कारकीर्दीतील ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मृत्यू व वारसा : १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पणजीजवळ मीरामार येथे समुद्रकिनारी त्यांची समाधी आहे व पणजीतून मीरामारकडे जाणाऱ्या हमरस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर (१९३५–२०१६) मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री होत. एप्रिल १९७९ मध्ये त्यांचे सरकार कोसळले व त्यानंतर म. गो. पक्षाला स्वबळावर पुन्हा सत्ता मिळविता आली नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा हे घटकराज्य झाले. त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान मिळाले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद करण्यात आली. बांदोडकरांनी ज्या ध्येयासाठी पक्ष उभारला, त्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेने गोव्याचा राजकीय प्रवास पूर्ण झाला.

असे असूनही त्यांच्या स्मृतीला गोव्यात पराभूत नेत्याची छटा नाही. विलीनीकरणाचे कडवे विरोधक राहिलेल्या पक्षांच्या सरकारांनीही त्यांच्या नावाचा आदर केला. वृद्ध, विधवा व अपंग यांना दरमहा साहाय्य देणारी गोवा शासनाची योजना ‘दयानंद सामाजिक सुरक्षा योजना’ या नावाने ओळखली जाते. बांदोडकरांच्या कारकीर्दीकडे आरंभी अभ्यासकांनी प्रामुख्याने विलीनीकरणाच्या वादाच्या चौकटीतून पाहिले. अलीकडील काळात पराग परोबो यांच्यासारख्या इतिहासकारांनी गोव्यातील बहुजनांचा राजकीय उदय या दृष्टीने तिचे पुनर्मूल्यमापन केले आहे. १९६३ पूर्वी सत्ता, जमीन व शिक्षण ही मूठभर घराण्यांची मिरास होती. त्यानंतर ती तशी राहिली नाही. नकाशावरील सीमारेषा बदलण्याचे बांदोडकरांचे स्वप्न अपुरे राहिले, परंतु त्या सीमारेषेच्या आतील समाजरचना बदलण्याच्या कामाला त्यांनी कायमचा आरंभ करून दिला.